आजारपणाचा कचरा

घरात जुन्या आजाराचं माणूस असलं की गोळ्यांच्या वेळा, साखरेचे आकडे, पथ्यपाणी हे सगळं वहीत लिहिलं जातं. त्या आजारपणातून रोज घराबाहेर जाणाऱ्या वस्तूंची नोंद मात्र कुठेच नसते. सासूबाईंचा मधुमेह जुना. त्यात अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. दवाखान्यातून घरी सोडताना कूस कशी बदलायची, नळीतून भरवायचं कसं, हे नर्सताईंनी मायेनं शिकवलं. पण डायपर, अंथरुणात घालायचे पॅड, पाठीच्या जखमेची पट्टी, साखर तपासायच्या पट्ट्या, इन्सुलिनच्या सुया हे सगळं वापरून झाल्यावर टाकायचं कुठे, याबद्दल कागदावर एक ओळ नव्हती.

माझ्या मते हे कामही शुश्रूषेतच धरायला हवं. आपण दार लावून घेतलं तरी ते पुडकं पुढे कुणाच्या तरी हातात जातंच. पुण्यात तो हात बहुतेक वेळा एखाद्या कचरावेचक ताईचा असतो. १९९३ साली इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्यातून पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था झाली आणि २००८ पासून तिच्या सभासद महापालिकेशी झालेल्या करारानुसार घरोघरी जाऊन कचरा उचलतात. ओला-सुका वेगळा झाला तरी त्या तो पुन्हा हातानं निवडतात, कारण सुक्यातल्या भंगारावर त्यांचं घर चालतं.

म्हणूनच काळी पिशवी मला सगळ्यांत वाईट वाटते. लाजेपोटी आपण डायपर काळ्या पिशवीत कोंबतो, वर दोन गाठी मारतो आणि कुणाच्या नजरेला पडलं नाही म्हणून सुटकेचा श्वास सोडतो. पण आत काय आहे ते बाहेरून कळत नाही, म्हणून निवडणाऱ्या बाईला ती पिशवी उघडावीच लागते. या बायकांनी २०१३ साली वापरलेले सॅनिटरी पॅड पिशव्यांत भरून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवले होते. त्यांची मागणी साधी होती: माल विकता, तर तो गुंडाळायला पिशवीही द्या. २०१६ च्या घनकचरा नियमांत उत्पादकांच्या या जबाबदारीचा उल्लेख आला. तरी मोठ्या माणसांच्या डायपरच्या पुड्यात आजवर मला तशी पिशवी सापडलेली नाही.

तोवर रद्दी आहे. विष्ठा असेल तर आधी ती संडासात झटकून टाकायची. मग डायपर पुढून मागे घट्ट गुंडाळायचा, त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करायचा. वर्तमानपत्राचा दुहेरी कागद तिरका ठेवून त्यात पुडी बांधायची, दोन्ही टोकं आत खोचायची आणि लाल स्केचपेननं वर ठसठशीत ठिपका काढायचा. हा लाल ठिपका पुण्यातल्या कचरावेचकांच्याच मोहिमेतून आलेला. आमच्याकडे येणाऱ्या ताई म्हणाल्या, "काकू, ठिपका दिसला की हात लावायची गरजच नाही, उचलून बाजूला." हे पुडकं ओल्यातही नको आणि सुक्यातही नको. डायपरमधले लघवी शोषणारे दाणे फुगून जेलीसारखे होतात. ते खतात मिसळले की ते कुजत नाहीत, खत वाया जातं. आणि गच्चीवर नेऊन जाळायचा विचारही नको. त्यात प्लास्टिक असतं, त्याचा विषारी धूर आपल्याच खिडक्यांतून आत येतो.

सुयांचं प्रकरण अधिक जपण्याचं. इन्सुलिनच्या पेनाची सुई चार मिलिमीटरची, केसासारखी बारीक. कचऱ्यात ती दिसत नाही, टोचल्यावरच कळते. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरू शकतो, म्हणजे आज टाकलेली सुई परवा टोचली तरी धोका आहेच. पाण्याची पातळ बाटली यासाठी चालत नाही, सुई तिच्यातून आरपार जाते. शिवाय ती भंगारात विकली जाते, म्हणून कुणीतरी रिकामी करायला उघडणार. मी कपडे धुण्याच्या द्रव साबणाची जाड, झाकणाची बाटली घेते. बोटाला टोचायच्या लॅन्सेटही त्यातच. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीनं पक्कं करते आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिते: 'वापरलेल्या सुया, उघडू नका.' ताईंना ती वेगळी, हातात देते, सांगून देते.

सासूबाईंना या सगळ्याचा फार संकोच वाटे. डायपर बदलताना त्या तोंड भिंतीकडे वळवत, आणि पुडकं दाराबाहेर गेलं का, हे दोनदा विचारत. त्यांना समजावण्यापेक्षा त्यांच्या हाताला काम दिलं. उजवा हात चालतो, तर त्या आता कागदाच्या घड्या करून ठेवतात आणि लाल ठिपके आधीच काढून ठेवतात. डॉक्टरांनी बोटांना व्यायाम सांगितलाच होता.

पण घरातल्या काळजीला बाहेरून साथ हवी. घरातल्या सुया, मुदत संपलेली औषधं, फुटलेले थर्मामीटर जमा करायला शहरांत दर वीस चौरस किलोमीटरला एक केंद्र असावं, असं २०१६ च्या नियमांत स्पष्ट लिहिलं होतं. आपल्या भागातलं केंद्र कुठे आहे, हे मी ओळखीच्या अनेक घरांत विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. ज्या दुकानातून इन्सुलिन घेतो, तिथेच भरलेली बाटली परत घेतली तर किती सोपं होईल. दवाखान्यांनी घरी सोडतानाच्या कागदावर चार ओळी वाढवाव्यात. आणि हिपॅटायटिस बी ची लस उपलब्ध आहे, ती प्रत्येक कचरावेचकाला मोफत, पूर्ण डोससह मिळाली पाहिजे. आमच्या सोसायटीच्या येत्या सभेत मी हा विषय मांडणार आहे, आणि लसीचा खर्च सोसायटीनं उचलावा असा ठराव लिहून ठेवला आहे.