पत्रकार कक्ष कला महाविद्यालयात हवा

२०२३ मध्ये जी-२० च्या बैठका मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरात झाल्या. पुढे अशी आंतरराष्ट्रीय परिषद राज्यात आली, तर पत्रकारांचा कक्ष पंचतारांकित हॉटेलऐवजी कला महाविद्यालयाच्या आवारात असावा, असे माझे ठाम मत आहे. म्हणजे बाहेरून आलेल्यांना राज्य कलाकारांच्या नजरेतून दिसेल. याचा दाखला खानदेशातच आहे. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंनी तिथे स्पेनमधल्या युद्धाचा आणि फॅसिझमचा विषय मांडला. अधिवेशनासाठी उभारलेल्या टिळकनगर या तात्पुरत्या नगराच्या रचनेसाठी गांधीजींनी शांतिनिकेतनच्या कलाभवनातून नंदलाल बोस यांना बोलावले. बांबू, चटया अशा साध्या, गावातल्या साहित्यातून दारे आणि मंडप उभे राहिले. देशभरातून आलेल्या माणसांना खेडे दिसले ते एका चित्रकाराच्या नजरेतून.

यावर आक्षेप येतील. तासिका बुडतील, हा त्यातला सोपा. सुट्टीच्या तारखा धरल्या की तो मिटतो. कला सत्तेची सजावट बनेल, ही भीती मात्र खरी आहे. परिषदेच्या तोंडावर शहरातल्या भिंती घाईघाईने रंगवल्या जातात, तेव्हा नेमके तेच घडते. फैजपूरला मात्र चित्रकाराच्या हाती अख्ख्या नगराची मांडणी होती, तीही आधीपासून. म्हणून जळगाव-धुळ्याच्या कला विद्यार्थ्यांनाही अशा कामात आराखड्यापासून घ्यावे, कामाचे पैसे द्यावेत आणि त्यांच्या चित्रांवर कोणत्याही खात्याची कात्री चालू नये.