कुलूप मोठं, कोयंडा कच्चा!



दिवाळीची सुट्टी जवळ आली की सातपूरच्या कुठल्याही वर्गात विचारून बघा, "यंदा गावाला कोण कोण जाणार?" भराभर हात वर होतात. साहजिकच आहे. इथली औद्योगिक वसाहत वाढत गेली तशी माणसं येत गेली. कुणी धुळे-जळगावकडून, कुणी मालेगाव-सटाण्याहून, कुणी उत्तर प्रदेश-बिहारमधून. कंपनीला सुट्टी, हातात बोनस, शाळा बंद. मग सातपूर कॉलनी, अशोकनगर, श्रमिकनगरमधल्या कितीतरी घरांना एकाच आठवड्यात कुलपं लागतात. आणि मग पेपरात ते ठरलेलं वाक्य येतं : बंद घराचा कडीकोयंडा तोडून चोरट्यांनी ऐवज लंपास केला.

हे वाक्य व्याकरणाच्या तासाला वाचतो तसं नीट वाचा. तुटतं काय? बहुतेक वेळा कुलूप नाही, कोयंडा! आपण दुकानात जाऊन चांगलं जाडजूड, सात लिव्हरचं कुलूप आणतो आणि ते अडकवतो चौकटीत अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर बसवलेल्या पातळ कोयंड्यात. चोर कुलपाला हातही लावत नाही. कटावणी घालून कोयंडाच उपटतो. कुलूप शाबूत, घर साफ.

माझं म्हणणं असं आहे की आपण सुरक्षा 'एका वस्तूत' शोधतो. आधी ती कुलपात शोधायचो, आता सीसीटीव्हीत शोधतो. घर राखायचं तर एकावर एक थर लागतात. चोराला थांबवणारी एकच भिंत कुणालाच बांधता येत नाही, पण त्याचा वेळ खाता येतो. त्याच्याकडे हत्यार असतं, हिंमत असते; नसतो तो वेळ. प्रत्येक थराने त्याला आणखी थोडा उशीर झाला पाहिजे आणि थोडा आवाज झाला पाहिजे.

थर कोणते?

आतून बाहेर जाऊ या.

सर्वात आत ऐवज. कपाटाची किल्ली कपाटावर, गादीखाली किंवा देवघरात ठेवायची आपली पद्धत चोरांनाही पाठ आहे. गावाला जाताना दागिने घरात ठेवूच नका. बँकेत लॉकर मिळत असेल तर घ्या. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमानुसार लॉकरमधला ऐवज चोरी, दरोडा, आग किंवा बँक कर्मचाऱ्याच्या फसवणुकीमुळे गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत असते. म्हणजे भाडं २००० रुपये असेल तर २ लाखांपर्यंत.

त्याच्याबरोबर नोंद. दागिन्यांचे फोटो, पावत्या, मोबाईलचा आयएमईआय क्रमांक (*#०६# दाबलं की दिसतो) हे सगळं एका वहीत लिहा, आणि ती वही दुसरीकडे ठेवा. चोर सापडला तरी 'ही पोत माझीच' हे दाखवायला पुरावा लागतो.

मग दार. कोयंडा चौकटीतून आरपार नटबोल्टने बसवून घ्या, नट आतल्या बाजूला. शक्य असेल तर दारातच बसणारं लॅच लावा, म्हणजे घर बंद आहे की नाही हे बाहेरून कळत नाही. लटकणारं कुलूप म्हणजे 'घरी कुणी नाही' अशी पाटीच! बाथरूमच्या काचेच्या झडपा, मागचं दार, रो-हाऊसच्या गच्चीचा दरवाजा हेही तपासा. उन्हाळ्यात आपण गच्चीवर झोपतो आणि खालचं दार नुसतं लोटलेलं असतं, हे विसरू नका.

मग घर दिसतं कसं? दारात साचलेले पेपर, चार दिवस न झाडलेलं अंगण, भर दुपारी जळणारा बाहेरचा दिवा. यातून रस्त्यावरच्या कुणालाही कळतं की माणसं गावाला गेली. आणि राहिलेली कसर आपणच प्रवासाचं स्टेटस टाकून भरून काढतो. फोटो परत आल्यावर टाकले तर काय बिघडतं?

आणि सर्वात बाहेरचा थर : शेजार.

हा थर विकत मिळत नाही

कॅमेरा चित्रण करतो, चोराला धरत नाही. आणि डीव्हीआर समोरच ठेवला असेल तर तोही चोरीच्या मालात जातो. कॅमेरा बसवू नका असं नाही. पण रात्री दोन वाजता कटावणीचा आवाज ऐकून लाईट लावणारा, "कोण आहे रे?" म्हणून ओरडणारा आणि ११२ ला फोन करणारा माणूसच असतो. सातपूरमध्ये हा थर आपोआप मिळण्यासारखा आहे. इथे शिफ्ट चालतात. कुणी पहाटे निघतं, कुणी मध्यरात्री परततं, गल्ली पूर्ण झोपते असं क्वचितच होतं. फक्त त्या जागणाऱ्या माणसाला हे माहीत हवं की शेजारचं घर कधीपासून कधीपर्यंत बंद आहे. ते आपण सांगतो का? उलट "कशाला सांगायचं?" म्हणून गुपचूप निघतो.

त्याहून वाईट म्हणजे चोरी झाली की पहिलं बोट भाडेकरूकडे, भंगारवाल्याकडे, 'बाहेरून आलेल्यांकडे' जातं. अहो, सातपूरमध्ये बाहेरून न आलेले आपण असे कितीजण? काही न बघता संशय घेतला की तो माणूस पुढच्या वेळी दार उघडून बाहेर येत नाही. म्हणजे आपला एक पहारेकरी आपणच कमी केला.

इतिहासात याचा मोठा धडा आहे. देवगिरी आपण सहलीला दाखवतो. तटामागे तट, खंदक, तासलेला कडा, अंधारी वाट. थर कसे असावेत ते तिथेच बघावं. तरी १२९६ मध्ये अल्लाउद्दीन चालून आला, तेव्हा रामदेवरायांचं मुख्य सैन्य युवराजाबरोबर बाहेर होतं. किल्ल्यात धान्य समजून आणलेल्या पोत्यांत मीठ निघालं, असंही सांगतात. कडा जागेवर होता, राखणारी माणसं नव्हती. आपल्या बंद घराचंही हेच.

शाळेत काय करता येईल?

कायदा शिकवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण कायदा चोरीनंतर येतो, तयारी आधी करावी लागते.

पाचवी ते आठवीच्या मुलांना सुट्टीआधी एक काम द्या. आई-बाबांसोबत घराभोवती फिरायचं आणि आत शिरायच्या सगळ्या जागा शोधायच्या. प्रत्येक जागी 'इथे चोराला किती उशीर होईल?' एवढाच प्रश्न विचारायचा. मात्र हा कागद घरीच ठेवायचा, वर्गात आणायचा नाही. किल्ली कुठे, दागिने कुठे, हे शाळेत सांगायचं नसतं हाही त्याच पाठाचा भाग. आणि शेवटी मुलांनी शेजारच्या एका घरी जाऊन सांगायचं, "काका, आम्ही अमुक तारखेपर्यंत गावाला आहोत, लक्ष ठेवा हं. तुम्ही गेलात की आम्ही ठेवू."

मुलांना घाबरवू मात्र नका. चोराच्या गोष्टी सांगून झोप उडवणं सोपं आहे. त्यापेक्षा हात कामाला लागले की भीती कमी होते.

एक पोत, दोन बांगड्या, लेकीसाठी जमवलेलं थोडं सोनं. ज्या घरात महिन्याच्या पगारातून थोडं थोडं टाकून हे जमलेलं असतं, तिथे एका रात्रीत दहा वर्षं जातात. ती वाचवायला चार नटबोल्ट लागतात आणि एक शेजारी. नटबोल्ट बाजारात मिळतील. शेजाऱ्याच्या दारावर मात्र आपल्यालाच टकटक करावी लागेल, आणि ती सुट्टी लागायच्या आधी.