सिटी व्ह्यू

आमच्या भाच्याला एकच खोड आहे. त्याचं आमच्यावर प्रेम आहे. अमेरिकेतून आला की ते प्रेम त्याला खर्च करावंसं वाटतं. यंदा आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून त्यानं आम्हां उभयतांना लोअर परळच्या एका गगनचुंबी हॉटेलात एक रात्र ठेवलं. ज्या लोअर परळात मी जन्मलो, तिथंच पाहुणा म्हणून गेलो!

मजला चौतिसावा. लिफ्टमध्ये कानांत दडे बसले तेव्हा ही म्हणाली, "घाट लागला वाटतं."

खोलीतल्या पोऱ्यानं बटण दाबून पडदे सारले. "सर, सिटी व्ह्यू." समुद्राकडची खोली आणखी महाग असते म्हणे. म्हणजे शहराकडे बघायला पैसे, आणि शहराकडे पाठ करायला जास्त पैसे.

बरं, खिडकी उघडत नाही. माझं भांडण सुरू होतं ते इथं. ना आवाज, ना वास, ना घाम. आणि याला म्हणायचं मुंबईदर्शन! काचेमागच्या माशासारखं शहर खाली फिरत होतं. मासा ते की आम्ही, एवढंच कळेना.

रात्री खाली जेवायला. ताटली परातीएवढी, पदार्थ नैवेद्याएवढा. वाढप्या आदबीनं म्हणाला, "सोलकढीचा फेस, सर." आमच्या आईनं सोलकढीला फेस आलेला पाहिला असता तर मोरीत ओतली असती. आई दहा बाय बाराच्या खोलीत चौदा गिरणी कामगारांना जेवू घालायची. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं ते असल्याच खानावळवाल्या बायकांना. आईचं एक वाक्य ठरलेलं : "अजून अर्धी वाढू का रे?" या हॉटेलात सगळं विचारलं. पाणी कुठलं, मीठ कुठलं, गाणं कुठलं लावू. 'अजून वाढू का' हे कोणी विचारलं नाही.

तुम्ही म्हणाल, म्हातारा उगाच कुरकुरतोय. गिरणीत काय सुख होतं? काही नव्हतं. वडिलांच्या छातीत कापूस बसला तो शेवटपर्यंत निघाला नाही. त्या खोलीत परत राहा म्हटलंत तर सगळ्यांत आधी मीच पळेन. माझी तक्रार हॉटेलवर नाहीच, ती हिशेबावर आहे. जानेवारी १९८२ मध्ये संप झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, अनेकांना परत आत जाता आलंच नाही. पुढं १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरली : एक तिसरा हिस्सा शहराच्या मोकळ्या जागांना, एक म्हाडाच्या घरांना, एक मालकाला. २००१ साली त्यात बारीक दुरुस्ती झाली. वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जागेची. इमारत पाडून निघेल ती जमीन वाटणीत धरायचीच नाही. आणि गिरणीत इमारतीशिवाय असतं काय? चिमणीखालची चिमूटभर जागा! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही दुरुस्ती उचलून धरली.

म्हटलं, एवढा उंच आलोच आहे तर आपला तिसरा हिस्सा कुठं दिसतो का बघू. चश्मा पुसून बघितला. पोहण्याचे तलाव दिसले, पाच. ते मोकळ्या जागेत धरतात की काय, कोण जाणे.

सकाळी उठलो तर ही काचेला नाक लावून बसलेली.

"अहो, ती आपली चाळ ना? ते बघा, गच्चीवर कुणीतरी वाळवण घातलंय."

मला दिसली ती एक पांढरी चौकट. पण ही वाळवणाच्या बाबतीत चुकत नाही. आम्ही दोघं बघत राहिलो. तेवढ्यात चार काळे ठिपके खाली उतरले.

"अगं बाई, कावळे!" म्हणत तिनं काचेवर जोरजोरात टकटक केलं. "हाड्! हाड्!"