पुडी एक, पाणी किती?

'जुलाब होत असतील तर ओआरएसची एक पुडी पाण्यात मिसळून बाळाला पाजा.' ही सूचना आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती पूर्ण आहे का? बाजारात काही पुड्या १ लिटर पाण्यासाठी मिळतात, तर काही २०० मिलिलिटरसाठी. लिटरची पुडी एका पेल्यात विरघळवली तर मिठाचं प्रमाण पाचपट होतं आणि तान्ह्या बाळाला ते धोक्याचं ठरतं. लहान पुडी लिटरभर पाण्यात घातली तर क्षार इतके कमी पडतात की औषधाचा उपयोग उरत नाही. सांगणाऱ्याच्या मनात लिटर होता, ऐकणाऱ्याच्या हातात पेला होता.

कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देते. आपण मनात जे गृहीत धरतो ते सगळं शब्दांत मांडायचं, योग्य क्रमाने मांडायचं आणि काहीच न सांगता सोडायचं नाही. माणूस अंदाजाने चूक सावरून घेतो. यंत्र सावरत नाही, सांगितलं तेवढंच करतं.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर मुलांना कोडिंगची ओळख करून द्यावी असं म्हटलं, तेव्हापासून हा विषय घराघरात पोचला आहे. तळ्यासारख्या लहान तालुक्यात लोक डॉक्टरला औषधाबरोबर मुलांच्या शिक्षणाचंही विचारतात. "मॅडम, पोराला कोडिंग शिकवायचंय, पण घरी कॉम्प्युटर नाही. मोबाइलवर चालेल का?" माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिले काही महिने मोबाइलही नको, वही-पेन्सिल पुरे. आणि ज्यांच्या घरी कॉम्प्युटर आहे त्यांनीही सुरुवात वहीपासूनच करावी.

कारण साधं आहे. सुरुवातीचे धडे सगळीकडे सारखेच असतात: संख्या सम की विषम ते ओळखा, पाढा छापा, लीप वर्ष शोधा. मूल फळ्यावरचा प्रोग्रॅम जसाच्या तसा उतरवतं, बटण दाबतं, उत्तर बरोबर येतं आणि धडा संपतो. आता लीप वर्षाचा धडा घ्या. 'चारने भाग गेला की लीप वर्ष' एवढंच लिहिलं तरी १९०१ ते २०९९ या काळातलं कुठलंही वर्ष घालून पाहा, उत्तर बरोबरच येईल. पण १९०० हे लीप वर्ष नव्हतं आणि २१०० हेही नसेल. शतकाच्या वर्षाला ४००नेही भाग जावा लागतो, म्हणून २००० लीप होतं. मुलाने स्वतःची जन्मतारीख घालून पाहिली तर ही चूक कधीच सापडणार नाही. ती सापडते 'हा नियम कुठे मोडेल?' असं विचारल्यावर. हा प्रश्न विचारायला कॉम्प्युटर लागत नाही.

नवशिक्यांना हल्ली बहुतेक ठिकाणी 'पायथन' ही भाषा शिकवतात. तिचं नाव अजगरावरून नाही, 'मॉन्टी पायथन' या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून ठेवलं आहे. आपल्या कोकणात मात्र खऱ्या सापांची वानवा नाही आणि सर्पदंशाच्या उपचारात प्रोग्रॅमिंगच्या जवळजवळ सगळ्या मूळ कल्पना आहेत. एकेक पाहू.

पहिली कल्पना, क्रम आणि नेमकेपणा. फुरसं किंवा घोणस चावली की रक्त गोठेनासं होतं. ते तपासायची चाचणी अगदी साधी आहे: शिरेतून २ मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, काचेच्या स्वच्छ, कोरड्या टेस्ट ट्यूबमध्ये ठेवायचं, २० मिनिटं हलवायचं नाही, मग एकदाच कलती करून पाहायची. यातला एकही शब्द गाळता येत नाही. प्लॅस्टिकची ट्यूब घेतली किंवा काचेच्या ट्यूबला धुण्याचा साबण राहिला, तर निरोगी माणसाचं रक्तही नीट गोठत नाही आणि गरज नसताना लस दिली जाते.

दुसरी कल्पना, अट. रक्त गोठलं नाही तर सर्पविषरोधक लस सुरू करायची. गोठलं तर? सहावीतलं मूल पटकन लिहील, 'घरी पाठवा.' आणि रुग्ण दगावेल. मण्यार रात्री झोपेत चावते. तिची खूण बऱ्याचदा दिसतही नाही आणि तिच्या विषाने रक्त गोठायचं थांबत नाही. पापण्या जड होतात, गिळता येईनासं होतं, मग श्वास थांबतो. म्हणून 'रक्त गोठतं का?' या अटीशेजारी 'पापण्या मिटतायत का? गिळता येतंय का?' या अटीही हव्यात. एकच अट लिहिलेला प्रोग्रॅम फुरशाच्या दहाही रुग्णांत बरोबर ठरेल आणि मण्यारीच्या पहिल्याच रुग्णात चुकेल.

तिसरी, पुनरावृत्ती. पहिल्या चाचणीत रक्त गोठलं तरी पहिले ३ तास ती दर अर्ध्या तासाने आणि पुढे दर तासाने पुन्हा करायची, कारण विष हळूहळू भिनतं. लस दिल्यावर मात्र पुढची चाचणी ६ तासांनी, कारण यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला तेवढा वेळ लागतो. किती वेळाने, कुठवर आणि कधी थांबायचं, हे तिन्ही लिहिलं नाही तर ती पुनरावृत्ती अपुरी राहते.

चौथी, चल, म्हणजे जी किंमत बदलते ती. लहान मुलाची औषधं आम्ही वजनावर काढतो. मग लसही वजनावर द्यायची का? नाही. साप मूल पाहून कमी विष सोडत नाही. विषाचा उतारा विषाच्या मापाने द्यायचा असतो, म्हणून मुलाला आणि मोठ्या माणसाला लसीचा डोस सारखाच. काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे ओळखण्यासाठी गणितापेक्षा विषयाची समज जास्त लागते.

पाचवी कल्पना, चूक शोधणं. याचं उदाहरण आपल्या रायगडातच आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशाचे रुग्ण उशाशी बसून पाहिले, तासातासाच्या नोंदी ठेवल्या. दरदरून घाम, थंडगार हातपाय, मग फुप्फुसात पाणी, या क्रमातून बिघाड कुठे होतो ते त्यांना दिसलं आणि प्राझोसिन या साध्या, स्वस्त गोळीने मृत्यू मोठ्या प्रमाणावर टळू लागले. २०२२मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पहिल्या पायरीपासून एकेक पायरी तपासत जायची ही चिकाटीच प्रोग्रॅमरला लागते.

हे सगळं नीट शिकलं नाही तर काय होतं? 'थेरॅक-२५' या किरणोपचार यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणं दिली. काही त्यात गेले. त्यातली एक चूक पहिल्या वर्गातल्या धड्याइतकी सोपी होती. 'तपासणी बाकी आहे' हे दाखवणाऱ्या आकड्यात प्रत्येक फेरीला एक मिळवला जात होता. त्या आकड्यासाठी जागा होती फक्त ० ते २५५ची. जुन्या स्कूटरचं मीटर ९९९९९नंतर शून्यावर येतं, तसा दर २५६व्या फेरीला तो आकडा शून्य व्हायचा आणि शून्य म्हणजे 'तपासणीची गरज नाही'. नेमकं त्याच क्षणी बटण दाबलं गेलं की सुरक्षेची एक पायरी गळायची. एक मिळवण्याऐवजी ठरावीक आकडा लिहिला असता तर हे घडलं नसतं.

"आता एआयच प्रोग्रॅम लिहून देतं, मग मुलांनी कशाला शिकायचं?" हाही प्रश्न येतो. लिहून देतं, हे खरं. पण मण्यारीची अट राहिली का, पुडी लिटरची धरली की पेल्याची, हे विचारणारं माणूसच लागणार. रुग्णालयांत, बँकांत, शिधावाटपात उद्या जे निर्णय यंत्रं घेतील, ते तपासणारी माणसं तळ्या-म्हसळ्यातूनही यायला हवीत. ज्यांच्या घरी लॅपटॉप आहे तेवढ्यांनीच हे काम करायचं ठरवलं, तर फुरसं माहीत नसलेली माणसं फुरशाच्या उपचाराचे नियम लिहितील.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझं सुचवणं आहे. आठवड्याचा एक तास काढा. मुलांना रोजचं एक काम पायऱ्या पाडून लिहायला सांगा: ओआरएस बनवणं, चुलीवर भात लावणं, तळ्याहून माणगावला जाणारी एसटी पकडणं. मग वह्यांची अदलाबदल करा. शेजारच्याने लिहिलंय तेवढंच करायचं, एक पायरीही मनाने भरायची नाही. पाच मिनिटांत वर्ग हसू लागेल, कारण कुणाचा भात पाण्याशिवाय शिजत असेल आणि कुणी एसटी यायच्या आधीच तिकीट काढलं असेल. ज्याच्या वहीत चूक सापडली त्याने ती दुरुस्त करायची, ज्याने शोधली त्याला शाबासकी द्यायची.

आणि साप चावलाच तर वही काढू नका. कापू नका, आवळून बांधू नका, चोखू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. माणसाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका आणि थेट सरकारी रुग्णालयात आणा. या सूचनेत गाळलेली पायरी एकही नाही.