दुर्मिळ प्लेकोची घरगुती पैदास

शहरांत शिकावयास गेलेल्या मुलांनीं सुटींत घरीं येतांना काचेची मत्स्यपेटी बरोबर आणावी, हें आतां आमच्या सभासदांच्या घरांतूनही नवल राहिलें नाहीं. यांपैकीं कांहींचा नाद रंगीत मासे पाहण्यापुरता न राहतां पैदाशीकडे वळला आहे. आणि 'प्लेको' जातीच्या दुर्मिळ माशांची जोडी घेऊन पिल्लें विकावीं, हा जोडधंदा होईल काय, अशी पृच्छा आमच्याकडे आली आहे. शेतकीच्या मासिकानें या भानगडींत कां पडावें, असें कोणी म्हणेल. आमचें म्हणणें असें कीं, प्रश्न माशाचा दिसला तरी मुद्दा वाणाचा आहे. आणि ज्यानें खिलारी वळू राखला आहे किंवा बियाण्याचीं कणसें निवडून वेगळीं बांधलीं आहेत, त्याचा या विषयावर बोलण्याचा अधिकार कोणत्याही हौशी माणसाहून कमी नाहीं.

प्लेको हे दक्षिण अमेरिकेंतील नद्यांचे मासे. तोंड खालच्या अंगास, ओठ चकतीसारखे, त्या योगें ते धोंड्यास चिकटून राहतात. अंगावर खवल्यांऐवजीं हाडांच्या पट्ट्यांचें चिलखत असतें. जाती शेंकड्यांनीं आहेत. ज्यांस शास्त्रीय नांव मिळालेलें नव्हतें त्यांची ओळख रहावी म्हणून 'डाट्झ' या जर्मन मासिकानें १९८८ सालीं 'एल' हें अक्षर व पुढें आंकडा देण्याची रीत पाडली. एल-४६ म्हणजे झेब्रा प्लेको, सर्वांत नांवाजलेला. बोटाएवढा, पांढऱ्या अंगावर काळे पट्टे. त्याचें शास्त्रीय वर्णन १९९१ सालीं प्रसिद्ध झालें. हा मासा निसर्गतः एकाच ठिकाणीं आढळतो: ब्राझील देशांतील शिंगू नदी आल्तामीरा शहराच्या खालीं जें मोठें वळण घेते, त्या खडकाळ पात्रांत.

आणि नेमक्या त्याच वळणावर बेलो मोंते धरणाची योजना आली. २०१६ सालीं वीज सुरू झाली, २०१९ सालीं शेवटचें यंत्र बसलें. एकूण शक्ति ११,२३३ मेगावॅट. नदीचें बहुतेक पाणी वरच अडवून कालव्यानें वीजघराकडे नेलें जातें आणि वळणाच्या वाट्यास उरलेलें येतें. धरणाखालच्या नदीचें काय होतें हें आमच्या वाचकांस आम्ही काय सांगावें! पूर चढण्याउतरण्याच्या ज्या वेळा माशांच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणीं पडलेल्या, त्या आतां दरवाजांच्या चाव्यांवर ठरतात. त्यापूर्वींच, म्हणजे २००४ सालापासून, ब्राझीलनें या माशाची पकड व निर्यात बंद केली होती. तरीही शेजारच्या देशांतून चोरट्या वाटेनें तो बाहेर जात राहिला. २०२२ सालीं पनामा येथें भरलेल्या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय परिषदेंत त्यावर अधिक कडक निर्बंध घालण्यांत आले.

अशा स्थितींत घरगुती पैदास हीच या माशाच्या बाजारास उरलेली सरळ वाट आहे, आणि ती साधते यांत शंका नाहीं. मात्र ती घाईच्या माणसाचें काम नव्हे. पाणी २८ ते ३० अंश उष्ण, स्वच्छ आणि सतत वाहतें लागतें, कारण उष्ण पाण्यांत प्राणवायु कमी मुरतो आणि हा मासा तर ओघांत वाढलेला. नरास एका बाजूनें बंद असलेली, अंगास जेमतेम होईल अशी मातीची नळी द्यावी लागते. तो ती आपलीशी करतो, मादीस आंत घेतो, आणि अंडीं पडलीं कीं तिला बाहेर घालवून स्वतः राखणीस बसतो. एका वेळीं अंडीं दहापंधरा. कोंबडीच्या एका खुडुकाएवढींच म्हणा ना! परांनीं वारा घालून नर तीं जपतो, सुमारें आठवड्यानें पिल्लें फुटतात, आणि पोटाशीं असलेली बलकाची पिशवी संपेपर्यंत आणखी कांहीं दिवस नळींतच राहतात. त्यांनीं स्वतः वीण देण्याजोगें व्हावयास दोन-तीन वर्षें लागतात. शेवाळ खाऊन कांच साफ ठेवील अशा समजुतीनें जो हा मासा घेतो, तो त्यास उपाशी मारतो. याला सामिष अन्न लागतें.

धंदा म्हणून हा हिशेब कसा बसतो तें ज्याचें त्यानें पहावें. आम्हांस चिंता आहे ती निराळ्या गोष्टीची. झेब्र्याच्याच कुळांतील दुसरे प्लेको एकाच पेटींत ठेवले तर त्यांचा संकर होतो. संकराचीं पिल्लें पुन्हां शुद्ध नराशीं लावलीं कीं दोन पिढ्यांत पट्टे असे जुळून येतात कीं विकत घेणारास कांहीं कळूं नये. वळवाच्या बाबतींत असें करणारास आपण फसव्या म्हणतों. येथें मात्र तें अजाणतेपणीं होतें, आणि त्यामुळें अधिक पसरतें. ज्या माशाची नदी धोक्यांत आहे त्याच्या शुद्ध वाणाचा सांठा जर पेट्यांतूनच नासला, तर तो पुढें कशांतून काढावयाचा?

म्हणून जोडीची वंशावळ ज्यापाशीं लिहिलेली नाहीं, त्याच्याकडून मासा घेऊं नये, हें आमचें स्पष्ट मत आहे. आईबाप कोठले, पिल्लें कोणत्या सालचीं, कोणास दिलीं, हें टिपून ठेवणें फारसें अवघड नाहीं. दुभत्या जनावरांची नोंद ठेवणारास तर मुळींच नाहीं. केवळ 'घरची पैदास' या तोंडी शब्दावर विसंबणें म्हणजे नदींतून चोरून आणलेल्या मालासही दार उघडें ठेवणें होय. आणि पैदास करणारांनीं, आम्ही या माशास वांचविलें, असें म्हणण्याची घाई करूं नये. पेटींत जें वांचतें तें बियाणें. तें पेरावयास शेत राहिलें पाहिजे, आणि तें शेत शिंगूचें वळण आहे, येथील हौशी माणसाची बैठकीची खोली नव्हे.

जातां जातां एक घरची गोष्ट. बाजारांत 'सकर' म्हणून जो स्वस्त प्लेको मिळतो, तो दुर्मिळ नव्हे. तो वाढून हातभर होतो आणि पेटींत मावेनासा झाला कीं दयाळू माणसें त्यास तळ्यांत सोडतात. केरळांत व कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळींत तो असाच शिरून आतां आपसूक वाढतो आहे. काठांत बिळें करून तो बांध पोखरतो, जाळीं फाडतो, आणि इतर माशांच्या खाद्यावर हात मारतो. आमच्या शेततळ्यांत व विहिरींत तो आला तर काढणें कठीण.

ज्या सभासदांनीं पृच्छा केली त्यांस आम्ही इतकें कळविलें आहे: मुलाची हौस मोडूं नये, पहिलीं दोन वर्षें स्वस्त, सहज वीण देणाऱ्या जातीवर हात बसवावा, झेब्र्याची जोडी कागदपत्रांसह आणि ओळखीच्या पैदासकाराकडूनच घ्यावी, पेटी एकाच जातीची ठेवावी, आणि नको झालेला मासा दुकानदारास परत करावा, ओढ्यांत नव्हे. विक्रीचा विचार त्यानंतर करण्यास हरकत नाहीं.