ज्याचा छापखाना त्याचा न्याय

आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंस आज एका दूरदेशच्या निवडणुकीची हकीकत सांगावयाची आहे. देश अमेरिका, प्रांत कॅलिफोर्निया, साल १९३४. मंदीनें लाखों लोक बेकार झाले होते. अशा वेळीं अप्टन सिंक्लेअर नांवाचा ग्रंथकार गव्हर्नरच्या जागेसाठीं उभा राहिला. पडीक जमिनी व बंद कारखाने बेकारांच्या हातीं द्यावे, त्यांनीं आपल्या गरजेपुरतें पिकवावें व घडवावें, हें त्याचें म्हणणें. ऑगस्टांत डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांनीं त्यालाच उमेदवार निवडलें आणि धनिकांच्या पोटांत गोळा उठला.

मग वर्तमानपत्रांनीं काय केलें ? ‘लॉस एंजेलिस टाइम्स’नें त्याच्या पुस्तकांतले उतारे चौकटींत घालून रोज पहिल्या पानावर छापले. कादंबरींतल्या पात्राच्या तोंडचें बोलणेंही त्याच्याच माथीं मारलें. कंसाचें भाषण रचलें म्हणून शाहिरालाच कंस ठरविण्यापैकीं हा प्रकार ! त्याच्या सभांची हकीकत मात्र त्या पत्रांत येत नसे. पत्राचा मालक हॅरी चँडलर हा स्वतः मोठा जमीनदार होता, हें सांगितलें म्हणजे पुरे. दुसऱ्या एका पत्रानें बेकारांच्या झुंडी मालगाडींतून येत असल्याचें चित्र छापलें. तें निघालें एका बोलपटांतलें!

नोव्हेंबरांत सिंक्लेअर पडला. त्याला सुमारें ८ लाख ८० हजार मतें पडलीं, विजयी मेरियमला सुमारें ११ लाख ३८ हजार. तो केवळ पत्रांमुळें पडला असें आम्ही म्हणत नाहीं. तिसराही उमेदवार होता, आणि त्याच्या पक्षांतले कांहीं पुढारी फिरले होते. त्याची योजना चालली असती कीं नाहीं, हाही वादाचा प्रश्न आहे. पण वाद व्हावयाचा तर ती योजना आधीं लोकांपुढें जशीच्या तशी यावयास नको काय ? पत्रानें विरोध खुशाल करावा. परंतु पंचांसमोर एकाच बाजूची साक्ष घेणें हा न्याय नव्हे.

म्हणून चावडीवर पत्र वाचून दाखविणाऱ्यास आमची एवढीच विनंती : नवख्या उमेदवाराची थट्टा छापून आली, तर तिथेंच थांबावें आणि विचारावें, तो म्हणाला तरी काय ? तें याच पानावर छापलें आहे काय ? नसेल, तर त्याच्या सभेला स्वतः जाऊन ऐकावें.

सिंक्लेअरच्या चळवळींतून १९३४ सालीं कायदेमंडळांत गेलेला कल्बर्ट ओल्सन १९३८ सालीं त्याच प्रांताचा गव्हर्नर निवडून आला. पत्रें तींच होतीं. मतदार मात्र शहाणे झाले होते.