दहावा क्रमांक

कोल्हापूर ही मल्लांची नगरी. खासबागेच्या मैदानात निकाली कुस्ती लागली की, निकालाविषयी कोणाच्या मनात शंका उरत नाही. ज्याची पाठ मातीला लागली तो हरला, दुसरा जिंकला. पिढ्यानपिढ्या कुस्ती पाहत आलेल्या या नगरीला प्रत्येक खेळ याच मापाने मोजण्याची सवय जडली असेल, तर त्यात नवल नाही. शाळेच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत दहावी आलेली मुलगी घरी परतते आणि “कितवी आलीस?” या पहिल्याच प्रश्नाला मान खाली घालते. परंतु तिला विचारावयाचा खरा प्रश्न वेगळाच आहे.

तो कोणता, हे सातारा जिल्ह्यातील एका धावपटूच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. माण तालुका अवर्षणाबद्दल प्रसिद्ध आहे. तेथील मोही गावच्या शेतकरी कुटुंबात १९८९ साली ललिता बाबर यांचा जन्म झाला. २०१६ साली रिओ येथील ऑलिंपिक सामन्यांत त्या ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत उतरल्या. या शर्यतीत २८ वेळा अडथळा ओलांडावा लागतो आणि त्याशिवाय ७ वेळा पाण्याच्या खड्ड्यावरून झेप घ्यावी लागते. प्राथमिक फेरीतील प्रत्येक गटातून पहिल्या तिघींना अंतिम शर्यतीत थेट प्रवेश होता. ललिता आपल्या गटात चौथ्या आल्या. क्रमांकाने दार लावून घेतले; पण घड्याळाने ते उघडले. त्यांना लागलेला वेळ होता ९ मिनिटे १९.७६ सेकंद. तोपर्यंत कोणतीही भारतीय स्त्री ही शर्यत इतक्या वेगाने धावली नव्हती. उरलेल्या धावपटूंमध्ये ज्यांची वेळ उत्तम, त्यांनाही प्रवेश मिळत असे. त्या नियमाने ललिता अंतिम शर्यतीत पोहोचल्या. १९८४ साली पी. टी. उषा यांनी जे साधले होते, ते वैयक्तिक धावण्याच्या शर्यतीत ३२ वर्षांनी दुसऱ्या भारतीय स्त्रीने साधले. १५ ऑगस्ट रोजी झालेल्या अंतिम शर्यतीत ललिता दहाव्या आल्या. या दहाव्या क्रमांकाला हार म्हणावयाचे काय?

थंड देशांत बर्फावर वेगाने घसरत जाण्याच्या शर्यती होतात. त्यांतील स्त्रियांच्या ३००० मीटर शर्यतीची एक प्रचलित रीत मोठी उद्बोधक आहे. तेथे एका वेळी दोघीच धावपट्टीवर उतरतात. जोडीदारणीला मागे टाकले म्हणून कोणी विजयी ठरत नाही आणि तिच्या मागे पडली म्हणून पराभूतही ठरत नाही. शेवटची जोडी येईपर्यंत साऱ्यांचे डोळे घड्याळाकडे लागलेले असतात. लांब पल्ल्याच्या शर्यतीत असे दोन प्रतिस्पर्धी असतात : एक शेजारी धावणारा आणि दुसरा काळ.

यावर कोणी म्हणेल, ही तर हरलेल्याची समजूत घालणे झाले. तसे मुळीच नाही. पदकाचे मोल थोर आहे आणि त्यासाठी झटलेच पाहिजे. शिवाय घड्याळ कोणाचीही खुशामत करीत नाही. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांत पहिला आलेला आळशी धावपटू क्रमांकामुळे फुशारून जातो. घड्याळ मात्र त्याची पायरी त्याला दाखवून देते. तेच घड्याळ दहाव्या आलेल्याला त्याची प्रगतीही दाखविते.

कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले. त्यांनी ती आपली अखेरची पायरी मानली नाही. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. ललितांच्या शर्यतीची कथाही त्यांच्यापाशी थांबली नाही. २०२३ साली बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पारुल चौधरी अकराव्या आल्या. परंतु ९ मिनिटे १५.३१ सेकंद या वेळेने त्यांनी ललितांचा विक्रम मोडला. त्याच वर्षी हांगचौ येथील आशियाई सामन्यांत त्यांनी याच शर्यतीत रौप्यपदक पटकाविले.

शाळांच्या क्रीडावहीत बहुधा पहिल्या तिघांचीच नावे लिहिली जातात. तेथे प्रत्येक मुलाची व मुलीची वेळही नोंदविली जावी. मग दहावी आलेली मुलगी घरी परतल्यावर तिला विचारता येईल, “मागच्या खेपेपेक्षा किती सेकंद वाचविलेस?” या प्रश्नाला मान खाली घालावयाची की वर करावयाची, हे सर्वस्वी तिच्याच हाती असेल.